‘सुट्या भागांना लायसन लागत नाही’ हे साफ खोटं आहे

नेमबाजी शिकणाऱ्या मुलांच्या मोबाईलवर एक मेसेज फिरतोय: ‘तयार रायफल महाग पडते. नळी, बोल्ट, ट्रिगर वेगवेगळे मागवा आणि घरी जोडा, तितकीच चांगली चालते. सुट्या भागांना लायसन लागत नाही, अमेरिकेत सगळे असंच करतात.’ परवा अकरावीतल्या एका मुलाने रेंजवर मला त्याने काढलेली यादीच दाखवली. “सर, नळी यातली कुठली घेऊ?” यादी मन लावून केलेली होती, म्हणूनच पोटात गोळा आला.

आधी लायसनचं बघू. 1959 च्या शस्त्र कायद्यात कलम 2 मधल्या व्याख्येतच बंदुकीचे सुटे भाग येतात. नुसती नळी घरात आली तरी कायद्याच्या लेखी ते अग्निशस्त्रच. कलम 5 प्रमाणे ते बनवायला, बदलायला, दुरुस्त करायलाही परवाना लागतो. 2019 च्या दुरुस्तीनंतर विनापरवाना बनवण्याची शिक्षा किमान 7 वर्षं, कमाल जन्मठेप. ‘स्वतःपुरती बनवली’ ही पळवाट त्यात नाही.

अमेरिकेत 1968 च्या कायद्याने रिसीव्हर (बोल्ट आणि ट्रिगर ज्यात बसतात तो सांगाडा) या एका भागाला बंदूक मानलं, म्हणून तिथे बाकीचे भाग सर्रास मिळतात. पण सहज जोडता येणाऱ्या किटवर तिथेही 2022 मध्ये नियम आला आणि मार्च 2025 मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने तो कायम ठेवला.

‘घरी जोडलेली तितकीच चांगली चालते’ हे वाक्य मला सगळ्यात धोक्याचं वाटतं. गाडीच्या टायरात हवा असते 32 पीएसआय. साध्या पॉइंट टू-टूच्या (0.22 इंची नळीच्या) काडतुसात दाब 24,000 पीएसआयपर्यंत जातो, आणि तो फुटतो गालापासून वीतभर अंतरावर. बोल्ट (नळी मागून बंद करणारा दांडा) आणि चेंबर (नळीत काडतूस बसतं ती जागा) यांच्यातलं अंतर जरा जास्त झालं तरी काडतुसाची पितळी पुंगळी फाटून गरम वायू मागे येऊ शकतो. कारखान्यात हे अंतर गेजने मोजतात, जादा दाबाचं काडतूस उडवून नळी तपासतात, मगच प्रूफचा शिक्का बसतो. बोटाला ती फट लागत नाही.

‘मग एअर रायफलला काहीच नियम नाही’ हे अर्धवट खरं. बोअर (नळीचा आतला व्यास) 4.5 मिमी आणि छर्ऱ्याची ताकद 20 ज्यूलच्या आत असेल तरच परवान्यातून सूट आहे. 5.5 मिमीला नाही. 10 मीटरच्या स्पर्धेत छर्ऱ्याला सुमारे 8 ज्यूल पुरतात, त्यामुळे ताकद वाढवायच्या फंदात पडायचं कारणच नाही. कोल्हापूरच्या स्वप्निल कुसाळेने 2024 मध्ये पॅरिस ऑलिंपिकला 50 मीटर रायफलमध्ये कांस्य मिळवलं, ते पॉइंट टू-टूवर. पण पॉइंट टू-टूला परवाना लागतो आणि तिथवरचा रस्ता क्लबमधूनच जातो.

निवड करायचीच तर अंगाला बसणाऱ्या गोष्टींची करावी: बट-प्लेट (खांद्याला टेकणारा भाग), चीकपीस (गाल टेकतो तो भाग), स्लिंग (हाताला आधार देणारा पट्टा), साइटच्या म्हणजे नेम धरायच्या रिंगा. 10 मीटरवर निशाण्यातला दहा गुणांचा ठिपका अर्धा मिलिमीटरचा असतो. त्या मुलाला मी रिकामी रायफल खांद्याला लावून डोळे मिटायला सांगितलं, गाल टेकव म्हटलं, आता उघड. पुढची रिंग मागच्या भोकात खाली गेलेली दिसली. चीकपीस थोडा वर घेतला, बट-प्लेट एक खाच मागे. पुन्हा डोळे मिटले, उघडले. या वेळी त्याला मान वळवावी लागली नाही.