दादा, हाड आधी विरघळावं लागतं

गेला आठवडाभर आमच्या घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एकच वाद चाललाय. बेळगावात भाचीच्या दातांना तारा बसल्या. दादाचं म्हणणं, कांडवेलीचं, म्हणजे मोडलेल्या हाडावर बांधतात त्या वेलीचं, चूर्ण आणि हळदीचं दूध रोज दिलं की दोन वर्षांचं काम वर्षात होतंय. चुलतभाऊ म्हणतो, पाल्यानं काय होतंय, परदेशात असलं कोण विचारतंय, तिलाच विचारा, म्हणजे जर्मनीत राहणाऱ्या मला. मी उत्तर दिलं, तर दादानं लिहिलं, "तिकडं बसून इकडच्या औषधाला नावं ठेवू नकोस."

हे वाक्य मला फार लागलं.

दादा, मोडलेलं हाड जुळणं वेगळं आणि दात सरकणं वेगळं. तार दाताला ढकलते, तेव्हा दाब पडतो त्या बाजूचं हाड आधी झिजतं आणि ताण पडतो त्या बाजूला नवं भरतं. झिजवणाऱ्या पेशी ऑस्टिओक्लास्ट, भरणाऱ्या ऑस्टिओब्लास्ट. दाबाच्या बाजूला रँकल नावाचं प्रथिन वाढतं आणि झिजवणाऱ्या पेशी तयार होतात. ओपीजी नावाचं प्रथिन रँकलला अडवतं. पहिले काही दिवस दात थोडा हलतो, मग दोन-तीन आठवडे जागचा हलत नाही, कारण दाबाखाली मेलेला भाग आधी साफ व्हावा लागतो. पुढं महिन्याला साधारण १ मिलिमीटर, तेवढंच.

आणि हळदीतलं करक्युमिन प्रयोगशाळेत काय करतं? झिजवणाऱ्या पेशी तयार होणंच रोखतं. हिरव्या चहातला ईजीसीजी नावाचा घटक उंदरांच्या हिरडीत टोचला, तर दात कमी सरकले. पेलाभर दुधातून तेवढं पोचत नाही, म्हणून भाचीनं खुशाल प्यावं. पण घाई होईल म्हणून पाजू नका. तारा निघाल्यावर दात मागे फिरतात, तेव्हा त्यांना धरून ठेवायला असं काही उपयोगी पडेल का, हा प्रश्न मला जास्त मोलाचा वाटतो.

चुलतभावालाही सांगते. इथल्या आपोथेकेची, म्हणजे औषधांच्या दुकानाची, अर्धी काच झाडपाल्यानं भरलेली असते. लेकाला केआयजी ४ मिळाली (दातांची ठेवण किती बिघडली ते ठरवणारी इथली श्रेणी), तारा बसल्या, गालाला जखम झाली, तर प्राक्सिसमधल्या, म्हणजे दवाखान्यातल्या, बाईंनी आधी साल्बायच्या (सेज नावाच्या पाल्याच्या) चहाच्या गुळण्या सांगितल्या. तारा दुखल्या की बरेचदा आयबुप्रोफेन देतात. ती गोळी प्रोस्टाग्लँडिन नावाचं शरीरातलं रसायन कमी करते आणि दात सरकायला तेही लागतं, म्हणून काही डॉक्टर आधी पॅरासिटामॉल सुचवतात. आणि पारंपरिक औषधांवर संशोधन करणारी आयसीएमआरची (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची) राष्ट्रीय संस्था बेळगावातच आहे. गावातच काम चाललंय आणि आपण ग्रुपवर भांडतोय.

खानापुरात आजीच्या कुंपणावर कांडवेल होती. आजोबांचं मनगट मोडलं तेव्हा तिचा लेप बांधलेला मी पाहिलाय. आजी कांडवेल म्हणायची, बाजारातली बाई मंगरवळ्ळी. इथं श्टुटगार्टच्या तमिळ दुकानात पिरंडै म्हणून तीच चौकोनी कांडी मिळाली. ती मी कुंडीत लावली, स्वयंपाकघराच्या खिडकीत.

लेकाच्या तारा लागल्या त्या रात्री त्याला काही चावेना. मी हळदीचं दूध केलं. वर लिहिलं ते सगळं ठाऊक असून केलं. दुसरं काय द्यावं ते सुचलंच नाही. त्याच्या डॉक्टरांना मी हे सांगितलं नाही.

माझ्या जुन्या कागदांवर जन्मगाव बेळगाव आहे, नव्या पासपोर्टवर बेळगावी. आउसलेंडरबेहोर्डेतल्या, म्हणजे इथल्या परदेशी नागरिकांच्या कचेरीतल्या, बाईंना ती दोन गावं वाटली. मी समजावून सांगितलं, तेव्हा आवाज जरा चढलाच. अठरा वर्षं झाली, तरी फोनवर मी "आपल्याकडं पाऊस लागला का?" असंच विचारते. म्हणून दादा, ते "तिकडं" झोंबलं.

कुंपणावरची वेल अजून आहे का? असेल तर फोटो टाक. माझ्या कुंडीतलीला पानं फार थोडी आलीत.