ठोके १७२, की पावलं?

रविवार, सकाळचे साडेआठ. वेताळ टेकडी उतरून मंडळी अमृततुल्यच्या बाकड्यावर टेकली आणि पहिला कप यायच्या आत मन्यानं स्मार्ट घड्याळाचं मनगट पुढे केलं. हृदयाच्या ठोक्यांचा आकडा १७२.

"एवढे ठोके पडले असते तर तू क्रीमरोल नसता मागवलास," अण्णा म्हणाले. अण्णा घड्याळ घालतात ते फक्त लग्नकार्यात.

"मशीन आहे अण्णा, खोटं कशाला बोलेल?"

डॉक्टर (कट्ट्यावरचे एकमेव खरे, बाकीचे सगळे मोबाइलवर शिकलेले) म्हणाले, "खोटं नाही, चुकीचं मोजतंय. हे ठोके नाहीत, तुझी पावलं आहेत."

घड्याळाच्या पोटाला हिरवा दिवा असतो. रक्त हिरवा प्रकाश शोषून घेतं, म्हणून प्रत्येक ठोक्याला परत येणारा प्रकाश किंचित कमी होतो. त्या चढउतारावरून ठोके मोजले जातात. पट्टा सैल असला की घड्याळ पावलागणिक आदळतं आणि तसाच चढउतार दिसतो. पळताना मिनिटाला १६० ते १८० पावलं पडतात, घड्याळ तोच ताल धरून बसतं. आकडा एकदम उडी मारून तिथेच चिकटला की संशय घ्यायचा. थांबल्या थांबल्या मानेवर दोन बोटं, १५ सेकंद मोजायचं, गुणिले चार. उशीर केला तर ठोके उतरलेले असतात.

"मग घालायचं कसं?"

"मनगटाच्या हाडापासून दोन बोटं वर. घड्याळ सरकवलं तर कातडीही सरकली पाहिजे, इतकं घट्ट. व्यायाम झाला की एक भोक सैल, आणि पट्टा धुवायचा. पुरळ येतं ते बहुतेकदा खाली अडकलेल्या घामानं आणि साबणानं. आणि डिसेंबरातल्या पहाटे अंग तापेपर्यंतचे आकडे सोडून द्यायचे, कातडीत रक्तच कमी असतं."

अण्णांनी हुकमाचा पत्ता टाकला. "आणि सूर्यनमस्कार? हात टेकला की मनगट मागे वाकतं, घड्याळ रुततं."

इथे मन्याही गप्प. जोर मारताना, वजन धरताना हीच गत. मूठ आवळली, मनगट दुमडलं, की रक्ताचा प्रवाह बदलतो आणि दिवा चाचपडतो. छातीला बांधायचा ठोके मोजणारा पट्टा हृदयाचे विद्युत संकेत थेट पकडतो, म्हणून तिथे तो सरस. मात्र घालण्याआधी आतल्या पट्ट्या ओल्या करायच्या. कोरड्या राहिल्या तर घाम येईपर्यंत वेडेवाकडे आकडे येतात. आणि साष्टांगात छाती टेकली की पुढची डबी टोचते, हे अण्णांनी न घालताच ओळखलं.

मन्यानं विषय मिसळीकडे वळवला. घड्याळात ५२० कॅलरी जळल्यात, म्हणजे तर्रीसकट चालेल.

"ठोके मोजलेले असतात, कॅलरी अंदाजानं काढतात," डॉक्टर म्हणाले. अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठानं २०१७ मध्ये मनगटावरची सात यंत्रं तपासली. ठोक्यांत सातपैकी सहांची चूक पाच टक्क्यांच्या आत होती. कॅलरीत मात्र सगळ्यात बरं यंत्र सरासरी २७ टक्के चुकलं, सगळ्यात वाईट ९३. त्या हिशोबावर मिसळ खाणाऱ्यानं खुशाल खावी, घड्याळाची साक्ष काढू नये.

रोजच्या दहा हजार पावलांचंही तेच. १९६५ साली जपानमध्ये पावलं मोजायचं यंत्र विकायला आलं, नावाचाच अर्थ 'दहा हजार पावलं मोजणारं'. गोल आकडा, ध्यानात राहिला.

"म्हणजे मी बरोबर," अण्णा.

"अर्धे. २२० वजा वय, म्हणजे ६४ व्या वर्षी कमाल ठोके १५६. दुसरं सूत्र, २०८ वजा वयाच्या ०.७ पट, १६३ सांगतं. माणसागणिक दहाबारा ठोके इकडेतिकडे होतात ते वेगळंच. त्यात रक्तदाबाची बीटा ब्लॉकर गोळी चालू असेल तर ठोके फारसे चढत नाहीत. तिथे घड्याळ बघून जोर वाढवत नेणं धोक्याचं. चढताना बोलता आलं पाहिजे, गाता येऊ नये, एवढं माप पुरे. पण विश्रांतीतले ठोके आठवडाभर रोजच्यापेक्षा सातआठ जास्त राहिले, तर ते तुमच्या दोन बोटांआधी मन्याचं घड्याळ सांगेल."

अण्णांना हे पटलं नाही. पर्वतीच्या पायऱ्या १०३, त्यात वाद नाही. मन्यानं एकदा हात मोकळे सोडून चढायचं, एकदा घड्याळाचा हात कठड्यावर ठेवून, आणि दोन्ही वेळचे पावलांचे आकडे दाखवायचे. मनगट हललं नाही की पावलं गळतात, हे मन्याला ठाऊक आहे, तरी त्यानं पैज घेतली. पुढचा रविवार, सकाळी सहा, पायथ्याशी. हरणाऱ्यानं मिसळ द्यायची.