पैसे मोजून हरळी

ज्या घरात तीन पिढ्या शेतातल्या हरळीच्या काशा, म्हणजे जमिनीखालची चिवट खोडं, वेचण्यात गेल्या त्या घरातला मी, आणि पुण्यात रो हाऊसच्या पुढ्यात पैसे मोजून हरळी लावून घेतली, हे गावी कळलं तेव्हा अण्णा फोनवर जरा वेळ गप्पच. मग म्हणाले, "थोडा कुंदा पण लाव की." कुंदा म्हणजे हरळीसारखंच दुसरं चिवट तण.

नर्सरीवाला तिला बर्म्युडा म्हणत होता, ती हरळीच आहे हे मला दिसत होतं, पण बायकोला लॉन पायजे होतं, सकाळी चहाचा कप घेऊन अनवाणी फिरायचं वगैरे, आणि मी म्हटलं जी नांगराला दाद देत नाही, वखराला देत नाही, तिला माझ्या हातून काय व्हायचंय! जमिनीवरून पसरते, खालून काशा सोडते, पेराएवढा तुकडा मातीत राहिला तरी परत फुटते. आमच्याकडे उन्हाळ्यात खोल नांगरट झाली की काशा वेचायच्या, उन्हात कडकडीत वाळवायच्या आणि जाळायच्या, कंटाळा करून ओल्याच बांधावर फेकल्या तर पावसाळ्यात बांध हिरवागार आणि अण्णा लालबुंद.

तर ही बया माझ्या दारात आली आणि पहिल्या दिवाळसणाच्या जावयासारखी रुसायला लागली. तिला दिवसाचं सहा-सात तास कडक ऊन लागतं, आणि आमच्या अर्ध्या अंगणावर शेजारच्या आंब्याची सावली, तिथे गवत विरळ होत होत नुसती माती उरली. डिसेंबरात पारा दहाच्या खाली उतरला की पिवळी पडून स्वस्थ झोपते, बायकोला वाटतं मेली, ती पाणी ओतते, मी युरिया टाकायला धावतो, माळीमामा म्हणतात काहीच करू नका साहेब, ऊन तापलं की उठेल. काहीच करू नका हे सांगायचेही पैसे घेतात ते, असो.

आणि जिथे लावली नाही तिथे? पेव्हर ब्लॉकच्या फटीत, गाडीखालच्या सिमेंटच्या भेगेत, गुलाबाच्या कुंडीत. ना खत ना पाणी, नुसती तरारलेली!

पावसाळ्यात कापणीचं लफडं. एका वेळी उंचीच्या एक तृतीयांशापेक्षा जास्त कापायचं नाही, नाहीतर खालचे पिवळे खुंट दिसतात, म्हणजे सारखं थोडं थोडं कापत राहायचं, आणि मला वेळ फक्त रविवारी, आणि पाऊस नेमका रविवारीच. त्यात लव्हाळा. उपटला की पात हातात येते, गाठी खाली जागच्या जागी, चार दिवसांत पुन्हा हजर. म्हणजे मी आता खुरपं घेऊन उकिडवा बसतो आणि हरळीतलं तण काढतो. हे वाक्य गावात कुणापुढे बोलायची सोय नाही.

भाद्रपदात मात्र आमचा भाव वधारतो, हरळी म्हणजेच दुर्वा ना. अनलासुर गिळल्यावर गणपतीच्या पोटातली आग हिनेच शमवली म्हणतात, माझी आग हिच्यामुळेच आहे ते सोडा. चतुर्थीच्या आदल्या संध्याकाळी मागच्या गल्लीतल्या काकू पिशवी घेऊन आल्या, एकवीस दुर्वांची एक अशा एकवीस जुड्या करायच्या होत्या त्यांना, कोवळ्या पाहिजेत, तीन नाहीतर पाच पात्यांच्या. पाहुणे येणार म्हणून सकाळीच मी मशीन फिरवलेलं. काकूंनी वाकून बघितलं, हात फिरवला. "अहो हे तर भादरलंय!"

मग त्यांची नजर गुलाबाच्या कुंडीकडे गेली. तिथली मी दर आठवड्याला उपटतो, तरी वीतभर वाढलेली, शेंड्याला मोजून तीन पाती, पोपटी, देखणी. काकू तिथेच फतकल मारून बसल्या, पिशवी भरली, उठताना म्हणाल्या, "पुढच्या वर्षी पण ठेवा हं ही कुंडी. आणि तो गुलाब काढून टाका, उगाच मधे मधे येतोय."