‘लपवलंत’ म्हणालात, म्हणून हे उत्तर

नमस्कार. फ्रेंच काळांवरच्या माझ्या लेखावर तुमचं म्हणणं असं: “चालू वर्तमानकाळासाठी फ्रेंचमध्ये ‘एत्र आँ त्रँ द’ आहे, ते तुम्ही लपवलंत. आधी नीट शिका, मग लिहा.” चूक जरूर दाखवा, पण ‘लपवलंत’? सोळा वर्षं फ्रेंच शिकवतोय. पहिल्या महिन्यातला विद्यार्थीही या सुरात बोलत नाही.

‘आँ त्रँ द’ (‘करत असणं’) हा काळ नाही, वाक्प्रयोग आहे. ‘ज माँज’मध्ये ‘मी जेवतो’ आणि ‘मी जेवतोय’ दोन्ही आले. कुणी फोनवर “काय चाललंय?” विचारलं, तर एवढं पुरतं. ‘ज स्वी आँ त्रँ द माँजे’ म्हणजे “अहो, जेवतोय ना आत्ता!” हा जोर नको असेल तिथे हा वाक्प्रयोग वापरायचा नाही. ‘साव्वार’ म्हणजे माहीत असणं. अशा स्थितिवाचक क्रियापदांना तो लागत नाही. ‘उद्या निघतोय’लाही नाही, तिथे नुसतं ‘ज पार दमँ’.

खरा घोळ ‘देप्वी’शी, म्हणजे ‘-पासून’शी होतो, आणि तो इंग्रजीमार्गे गेल्यामुळे. मराठीत आपण ‘तीन वर्षांपासून पुण्यात राहतोय’ म्हणतो, म्हणजे वर्तमानकाळच. फ्रेंचही तेच करते: ‘जाबित आ पुणे देप्वी त्र्वाझाँ’. इंग्रजीतून भाषांतर करणारा मात्र हमखास पासे काँपोझेत, म्हणजे पूर्ण भूतकाळात शिरतो. ‘जे आबिते आ पुणे पाँदाँ त्र्वाझाँ’ (‘तीन वर्षं पुण्यात राहिलो’) म्हटलंत, की ऐकणारा समजतो तुम्ही पुणं सोडलंत. पावसाचं तसंच. ‘मी निघालो तेव्हा पाऊस पडत होता’ यात पडणं अँपार्फेत (अपूर्ण भूतकाळात), निघणं पासे काँपोझेत. इथेही मराठीचा ‘-त होता’ नीट वाट दाखवतो, उगाच लंडनला वळसा कशाला?

एक मान्य. नकारार्थी वाक्यात ‘देप्वी’सोबत पासे काँपोझे येतो: ‘ज न ले पा व्यू देप्वी त्र्वा जूर’, तीन दिवसांपासून त्याला पाहिलं नाही. (मराठीतही ‘पाहिलं’च, बघा.) लेखात हे वाक्य हवं होतं, आज घालतो.

उच्चारांबद्दलच्या तुमच्या पाच ओळींवर काय बोलणार? देवनागरीत फ्रेंच लिहिताना ओढाताण व्हायचीच.

जाता जाता, तुम्ही दिलेलं ‘जे एते आँ त्रँ द लीर’ तेवढं दुरुस्त करा. भूतकाळात हा प्रयोग अँपार्फेतच होतो: ‘जेते आँ त्रँ द लीर’, मी वाचत होतो. कानाला दोन्ही जवळची वाटतात, म्हणून चुकलं असेल. लपवलंत असं मी म्हणणार नाही.