वरच्या मजल्याच्या डीबीत मेन कशाला: रिव्ह्यूला आमचं उत्तर

नमस्कार ताई,

तुमचा दोन स्टारचा रिव्ह्यू वाचला. तुमच्या तक्रारी दोन. एक, सब-पॅनलला (मेन बोर्डावरून लाईन घेणाऱ्या पुढच्या बोर्डाला) मेन ब्रेकर लागत नाही असं अमेरिकेतला इलेक्ट्रिशियन व्हिडिओत सांगतो, तरी आम्ही वरच्या डीबीत, म्हणजे वरच्या मजल्याच्या वीज वाटपाच्या बोर्डात, मेन बसवून बिल वाढवलं. दुसरी, गिझरचं शॉर्ट झालं तेव्हा तो मेन पडलाच नाही, रात्री खाली जाऊन भाडेकरूंचं दार वाजवावं लागलं, म्हणजे माल हलका. उत्तर इथेच सगळ्यांसमोर देतो, कारण कोल्हापुरात मजला चढवणारे बरेच जण मला हेच विचारतात.

व्हिडिओ पूर्ण पाहिला. तो माणूस बरोबर बोलतोय. अमेरिकेच्या नॅशनल इलेक्ट्रिकल कोडचं कलम ४०८.३६ पॅनलला ओव्हरकरंटपासून, म्हणजे जादा करंटपासून, संरक्षण मागतं, पण ते त्याला सप्लाय देणाऱ्या बाजूला असलं तरी चालतं. म्हणून त्याच इमारतीतल्या सब-पॅनलला स्वतःचा मेन ब्रेकर सक्तीचा नाही. अंगणापलीकडच्या गॅरेजला लाईन नेली, तर मात्र तिथे सप्लाय तोडायची सोय द्यावीच लागते. आता हे बघा: घरातून ६० अँपिअरच्या ब्रेकरवरून लाईन निघाली आणि गॅरेजच्या पॅनलमध्ये १०० चा मेन असला, तरी तिथे ते चालतं. वायर ६० वाला सांभाळतो, १०० वाला फक्त स्विचचं काम करतो.

तुमच्याकडेही कामाची वाटणी अशीच आहे. खालून वर आलेली १० स्क्वेअर एमएमची वायर खालच्या ४० अँपिअरच्या एमसीबीवर (जादा करंट आला की आपोआप पडणाऱ्या ब्रेकरवर) आहे. वर जो बसवलाय तो ब्रेकर नाही, टू पोल (फेज आणि न्यूट्रल दोन्ही तोडणारा) आयसोलेटर आहे, आणि बिलातही तसंच लिहिलंय. त्याच्या आत ट्रिप होणारं काही नसतंच. तो हाताने चालू-बंद करायचा खटका आहे. शॉर्टला तो पडला नाही, यात त्याचा दोष नाही.

मग खालचा एमसीबी का पडला? गिझरला १६ चा सी टाइप एमसीबी आहे. तो साधारण ८० ते १६० अँपिअरच्या झटक्याला लगेच पडतो, खालचा ४० चा २०० ते ४०० ला. डेड शॉर्टमध्ये करंट त्याच्याही वर जाऊ शकतो, आणि मग दोघे एकदम पडतात. साध्या ओव्हरलोडला आधी १६ वालाच पडेल. वर आणखी एक ४० चा एमसीबी घातला असता, तरी खालचा पडायचा थांबला नसता. उलट तीन ठिकाणी बघत बसावं लागलं असतं. तो खर्च खरोखर वाया गेला असता, म्हणून मी तो केला नाही.

आयसोलेटर घातला तो माणसासाठी. तुमचा मेन बोर्ड भाडेकरूंच्या पॅसेजमध्ये आहे, आणि रात्री ते दार आतून बंद असतं, हे तुम्हीच लिहिलंय. वर जळका वास आला, पंख्यातून ठिणगी उडाली, तर दार उघडायची वाट बघायची का? दुसरं, वर कोणी गिझर खोलून बसलाय आणि खाली कुणी “अरे, हा पडलाय वाटतं” म्हणत एमसीबी वर केला तर? काम करणाऱ्याला हात लांब करून बंद करता येईल असा खटका त्याच मजल्यावर हवा. आणि तो टू पोलच हवा. खोल्यांचे एमसीबी फक्त फेज तोडतात. खांबावरून येणारा न्यूट्रल तुटला, तर खालच्या मजल्याच्या चालू उपकरणांतून वरच्या न्यूट्रलवरही व्होल्टेज येतं. फक्त फेज बंद करून काम करणाऱ्याला तिथे शॉक बसतो. माझ्या वायरमनांना मी असल्या बोर्डावर हात घालू देत नाही.

२०१९ आणि २०२१ च्या पुरानंतर पंचगंगेच्या बाजूच्या घरांत आम्ही भरपूर काम केलं. खालचे बोर्ड चिखलाने भरलेले. तिथे वरचा मजला वेगळा तोडून ठेवता आला, तर तपासणी सुटसुटीत होते.

मागच्या गिरणीच्या शेडमध्ये मात्र टू पोल एमसीबी आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळाला की लाईन तोडणारा) दिलाय. ती वेगळी इमारत आहे, मोटर आहे, पावसात जमीन ओली असते. त्यात मी एक रुपयाही कमी करणार नाही.

दोन गोष्टी घरात सगळ्यांना सांगून ठेवा. आयसोलेटर बंद असला तरी खालच्या मजल्यावरून त्याच्यात आलेल्या वायरच्या टर्मिनलवर करंट असतोच, तेव्हा डीबीचं झाकण कुणी उघडू नये. आणि वरच्या इन्व्हर्टरचे पॉइंट त्याने बंद होत नाहीत, इन्व्हर्टर वेगळा बंद करावा लागतो.

एवढं वाचूनही आयसोलेटर नकोच वाटला तर दुकानात या, बिलात लावलेली त्याची किंमत परत देतो. पण तो काढू नका.