लॉवेलचा माग आणि सव्वासहा सेंटची जकात

रविवारी कट्ट्यावर वकिलाने फ्रान्सिस कॅबट लॉवेल या अमेरिकन गिरणीमालकाचा विषय काढला. "सरळ चोर होता तो. इंग्लंडच्या गिरण्यांतून पाहुणा म्हणून हिंडला, यंत्रमाग डोक्यात भरून घेतला आणि बोस्टनजवळ येऊन उभा केला."

मास्तर उसळलेच. "डोक्यात भरायला आधी डोकं लागतं! यंत्रांचे आराखडे इंग्लंडबाहेर न्यायला बंदी होती. 1812 मध्ये परतताना ब्रिटिशांनी त्याचं जहाज अडवून कॅनडातल्या हॅलिफॅक्सला नेलं. कागद नव्हतेच, सापडणार काय? आणि नुसत्या आठवणीवर कापड विणलं जात नाही. पॉल मूडीसारखा यंत्रातला जाणकार गाठून, खटपट करून 1814 मध्ये बोस्टनजवळच्या वॉल्थमला माग चालवला त्याने. सूतकताईपासून विणकामापर्यंत सगळं एकाच गिरणीत! भागीदार नेथन अ‍ॅपलटन बघायला आला, तर दोघं तासन्‌तास त्या मागासमोर बसून राहिले."

मला राहवेना. म्हटलं, तुम्ही दोघंही मागाशीच अडकलात. खरी कमाल 1816 च्या जकातीत आहे. त्यासाठी लॉवेल स्वतः वॉशिंग्टनला गेला होता. कायदा झाला तो असा: बाहेरून येणाऱ्या सुती कापडावर 25 टक्के जकात, पण चौरस वाराची किंमत 25 सेंटपेक्षा कमी असली तरी ती 25 च धरायची. वहीच्या मागच्या पानावर हिशोब मांडून दाखवला. दहा सेंटच्या कापडावर सव्वासहा सेंट जकात, म्हणजे साडेबासष्ट टक्के! इंग्लंडचं महागडं तलम कापड त्यातून सुटतं. मरतं ते जाडंभरडं, स्वस्त. आणि तसं कापड जहाजं भरून यायचं कलकत्त्याहून. वॉल्थमची गिरणीही नेमकं तसंच विणत होती.

याच माणसाने आधी भारतातल्या हातमागाच्या कापडाचा व्यापार केला होता. बोस्टनचा इंडिया वॉर्फ नावाचा धक्का उभारण्यात त्याचा हात होता. आपला माल किती स्वस्त पडतो, हे त्याच्याइतकं कोणाला ठाऊक असणार?

"स्वतःच्या देशातला धंदा राखला, त्यात वाईट काय?" मास्तर.

"आणि त्या धंद्याला कापूस कोणी वेचला?" एवढा वेळ गप्प बसलेला आमचा गिरणगावातला मित्र बोलला. "अमेरिकेच्या दक्षिणेतल्या गुलामांनी. म्हणून तर कॅलहूनसारखे दक्षिणेतले पुढारीही या जकातीच्या बाजूने होते. घरचं गिऱ्हाईक मिळत होतं त्यांना."

यावर मास्तरांकडे उत्तर नव्हतं. लॉवेल 1817 मध्ये, अवघ्या 42 व्या वर्षी गेला. त्याच्या नावाचं गिरण्यांचं शहर पुढे वसलं आणि 1834 मध्ये तिथल्या गिरणीतल्या मुलींनी पगारकपातीविरुद्ध संप केला. मित्राचं म्हणणं, हेही लॉवेलच्या खात्यावर मांडा. मला ते पटत नाही. मेलेल्या माणसाच्या माथी ते का मारायचं? पण जकातीचं खातं त्याचंच. तिने ज्या विणकरांचं अमेरिकेतलं गिऱ्हाईक तोडलं, त्यांच्याबद्दल त्याच्या चरित्रात निदान एक पान तरी हवं, यावर मी ठाम आहे.