बाप्टिस्ट शिकवण आफ्रिकेने उसनी घेतलेली नाही

बाप्टिस्ट हा प्रॉटेस्टंट ख्रिस्ती पंथ. आफ्रिकेतल्या सुवार्तिक बाप्टिस्ट पाळकांच्या, म्हणजे धर्मगुरूंच्या, प्रशिक्षण शिबिरांविषयी एक मत बरेच दिवस फिरते आहे. त्याचा आशय असा: ही शिकवण गोऱ्या मिशनऱ्यांनी तिथे नेऊन लादली, 1689 चा लंडनचा विश्वासांगीकार, म्हणजे बाप्टिस्टांनी आपल्या श्रद्धेची लेखी मांडणी केलेला मजकूर, खेड्यातल्या पाळकाच्या उपयोगाचा नाही, बाप्टिस्टांना पवित्र शास्त्र पुरेसे असताना अंगीकार हवाच कशाला, आणि तीन दिवसांच्या शिबिरात पाळक घडत नसतो. पहिली तीन विधाने चुकीची आहेत. चौथ्यात अर्धे सत्य आहे.

लादल्याची गोष्ट आधी तारखांशी ताडून पाहावी. आफ्रिकेतली पहिली बाप्टिस्ट मंडळी, म्हणजे स्थानिक चर्च, सिएरा लिओनमधल्या फ्रीटाऊनची. ती 1792 मध्ये डेव्हिड जॉर्ज यांनी उभी केली. ते व्हर्जिनियात गुलाम म्हणून जन्मले, मालकाच्या मुलांकडून अक्षरे शिकले, आजच्या कॅनडातल्या नोव्हा स्कोशियात पाळक झाले आणि सुमारे 1,200 कृष्णवर्णीयांच्या ताफ्यासोबत आफ्रिकेत आले. मराठी नवा करार छापणारे म्हणून आपल्याला माहीत असलेले विल्यम कॅरी बंगालला पोचले ते त्यानंतर, 1793 मध्ये. लायबेरियात मनरोव्हियाची मंडळी उभारणारे लॉट कॅरी हेही आधी गुलामच होते, स्वतःला विकत घेऊन सुटलेले. पुढे ब्रिटन-अमेरिकेच्या मिशन आल्या, काहींनी अरेरावीही केली, हे नाकारायचे कारण नाही. पण त्या अरेरावीला उत्तर कसे मिळाले ते पाहा. नायजेरियातल्या लागोसमध्ये पाळक मोझेस लाडेजो स्टोन यांना मिशनऱ्याने काढून टाकले, तेव्हा 1888 मध्ये मंडळीतल्या अनेकांनी मिशनची साथ सोडून नेटिव्ह बाप्टिस्ट चर्च स्थापन केले. त्यांनी मिशन सोडले, बाप्टिस्टपण सोडले नाही. पाळक नेमायचा अधिकार स्थानिक मंडळीचा, हे तर बाप्टिस्टांचेच जुने तत्त्व.

आता अंगीकाराच्या उपयोगाविषयी. हा 32 अध्यायांचा मजकूर आहे. 1689 हे त्याला मान्यता मिळाल्याचे वर्ष. तो आधी 1677 मध्ये छापला गेला तेव्हा छळाचे दिवस होते, म्हणून लिहिणाऱ्यांची नावे त्यावर नव्हती. राजसत्तेने दुसऱ्या देशावर लादलेला तो कागद नव्हे. आणि तो खेड्याशी बोलत नाही असे म्हणणाऱ्याने एका मयताच्या घरी पाळकाला काय विचारले जाते ते आठवावे. गेलेला माणूस आता आपल्यावर नजर ठेवतो का? त्याच्यासाठी प्रार्थना कराल का? त्याला काही अर्पण करायचे का? 31 वा अध्याय सांगतो की देहापासून वेगळ्या झालेल्या आत्म्यासाठी शास्त्र दोनच ठिकाणे जाणते, तिसरे नाही. 22 वा सांगतो की प्रार्थना मृतांसाठी करायची नाही आणि उपासना फक्त देवाची. 8 वा सांगतो की देव आणि माणूस यांच्यात मध्यस्थ एकटा ख्रिस्त. हाच अध्याय पूर्वजांना लागू पडतो, तसाच ‘आशीर्वादाच्या’ तेलाच्या बाटल्या विकून स्वतः मध्यस्थ बनणाऱ्या ‘देवाच्या माणसा’लाही. 25 वा अध्याय एका वेळी एकाहून जास्त बायका करायला स्पष्ट मनाई करतो.

मर्यादाही आहेत. तीन बायका असलेला माणूस विश्वासात आला, तर उरलेल्या दोघींचे आणि त्यांच्या लेकरांचे काय, याचे उत्तर 25 व्या अध्यायात नाही. ते स्थानिक पाळकांनी आणि वडीलजनांनी शास्त्र उघडून एकत्र बसून शोधायचे असते. शिबिराचा एक मोठा उपयोग नेमका हाच.

शास्त्र पुरेसे आहे, हे खरेच. अंगीकाराचा पहिला अध्याय तेच सांगतो. पण लिखित अंगीकार नसलेल्या मंडळीतही अंगीकार असतोच. तो पाळकाच्या डोक्यात असतो आणि मंडळीला तपासता येत नाही.

तीन दिवसांत पाळक घडत नाही, हेही खरे. बरीच शिबिरे वाया जातात, आणि त्याची कारणे ठरलेली आहेत. पहिले म्हणजे हंगाम. झांबिया-मलावीत पाऊस साधारण नोव्हेंबर ते एप्रिल, मग मक्याची काढणी. पोट शेतीवर असलेला पाळक जुलै-ऑगस्टमध्येच मोकळा होतो. पेरणीत शिबिर ठेवले की शहरातले पगारी पाळक तेवढे येतात. दुसरे म्हणजे दुभाषा. एका तासाच्या पाठात वक्त्याच्या वाट्याला जेमतेम तीस मिनिटे येतात. तो साठ मिनिटांचे घेऊन येतो, मग शेवटचा भाग, म्हणजे नेमके आचरणात आणायचे ते, गळते. टिपणे दुभाष्याला आदल्या रात्री द्यावीत आणि ‘नीतिमान ठरणे’, ‘कृपा’ यांसाठी बेंबा किंवा चिचेवा या तिथल्या भाषांत कोणता शब्द वापरायचा ते आधी ठरवावे. नाहीतर सकाळी एक शब्द आणि दुपारी दुसरा. तिसरे म्हणजे रोख भत्ता. तो जाहीर झाला की यादीत पाळक नसलेलेही शिरतात. प्रत्यक्ष लागलेले भाडे द्यावे, जेवण एकत्र करावे, आणि प्रत्येकाने थोडे मक्याचे पीठ आणावे.

शिकवण्याचा क्रम त्याहून महत्त्वाचा. तीन दिवसांना नव्या करारातले तीताला पत्र पुरते: तीन अध्याय, 46 वचने. महिनाभर आधी प्रत्येकाला उतारा नेमून द्यावा. सहा-आठ जणांच्या गटात एकाने दहा मिनिटांत आपली मांडणी सांगावी. बाकीच्यांनी तपासावे की उताऱ्याचा मुख्य मुद्दा हाती लागला का, की आवडते वचन घेऊन गाडी भलतीकडे गेली. संध्याकाळी अंगीकाराचा एकच अध्याय घ्यावा, पण आधी त्यातले शास्त्रसंदर्भ पाळकांनीच वाचावेत. क्रम उलटला की पाठांतर होते, आणि परतल्यावर गावातल्या प्रश्नापुढे ते टिकत नाही.

सहा महिन्यांनी तेच चेहरे परत यायला हवेत. मधल्या काळात जवळपासच्या चार-पाच पाळकांनी महिन्यातून एकदा भेटावे आणि शिबिरात दिलेली दोन पुस्तके वाचून संपवावीत. एवढे होत नसेल तर आक्षेप घेणाऱ्यांचे म्हणणे बरोबर आहे, ते शिबिर खर्चिक सहल ठरते.

धर्मविद्यालयाला हा पर्याय नाही. नायजेरियात ओग्बोमोशोचे विद्यालय 1898 पासून आहे, आणि हिब्रू-ग्रीक तीन दिवसांत येत नाही. पण लेकरे आणि शेत सोडून तीन-चार वर्षे जाणे बहुतेकांना अशक्य. सप्टेंबर 1689 मध्ये लंडनला शंभरावर मंडळ्यांचे प्रतिनिधी आठवड्याहून जास्त काळ जमले, तेव्हा त्यांनी अंगीकाराला मान्यता दिली आणि त्याच बैठकीत गरीब मंडळ्यांच्या पाळकांचा निर्वाह व होतकरू सेवकांचे भाषाशिक्षण यांसाठी निधीही उभारायचे ठरवले.